यातला आमचा मासा कोणता?

सोमवार, ९ जानेवारी. हवा कोरडी आणि गार. उन्हं वर आली तरी पत्र्यावरचं दव सुकलं नव्हतं, आणि हीटर नसलेल्या टाक्यांमधलं पाणी एकोणीस अंशांवर उतरलं होतं. अशा सकाळी, बार्शीकडच्या एका गावी, एका वृद्ध मत्स्यपालकाच्या शेडवर एक धनवान व्यापारी एकच मासा विकत घ्यायला आला आणि सात मासे फुकट घेऊन, वर चिडून, परत गेला.

त्या मत्स्यपालकाचं नाव सोपानकाका भोई. उजनी धरणावरच्या मत्स्यबीज केंद्रात त्यांची एकतीस वर्षं गेली. तिथं ते खाण्याचे मासे वाढवत. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरामागे पत्र्याची शेड घातली, सव्वीस काचेच्या टाक्या मांडल्या आणि दिवाणखान्यातल्या टाकीत शोभणारे, करंगळीएवढे रंगीत मासे वाढवायला घेतले. बोलणं मोजकं. गिऱ्हाइकांपुढे तर ते सहसा येतच नसत. पुढची बाजू त्यांची शिष्या सांभाळी.

शिष्या म्हणजे शैलजा. वय बेचाळीस. पूर्वी दहावीच्या मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेई. दोन वर्षांपूर्वी मुलीसाठी टाकी विकत घ्यायला आली आणि शिकायला राहिली. घरी दिराचा टोमणा ठरलेला असे: "वहिनी, आता माशांना पाढे शिकवता काय?" नवरा, सूर्यकांत, टोमणे मारत नसे. पण त्याने एक मुदत घातली होती आणि ती शैलजानेही मान्य केली होती. येत्या गुढीपाडव्यापर्यंत स्वतःच्या नावावर एक मोठं काम मिळालं तर हा उद्योग पुढे चालू ठेवायचा; नाही तर जाऊबाईंच्या शाळेत कारकुनाची जागा रिकामी होती, ती धरायची.

मोठं काम कोणतं, तेही ठरल्यासारखंच होतं. डाळ मिलवाले गुलाबशेठ गावाबाहेर मंगल कार्यालय बांधत होते. त्याच्या दर्शनी भिंतीत आठ फुटांची टाकी बसवायची होती. शैलजाने दोनदा जाऊन मापं घेतली होती, आलेखाच्या कागदावर चित्र काढलं होतं, कुठे कोणती वनस्पती लावायची त्याला नंबर दिले होते. शेठ म्हणाले होते, "बाई, काम तुमचंच समजा."

म्हणून त्या सकाळी शेठांची गाडी दाराशी थांबली, तशी ती ओले हात पदराला पुसत पुढे आली.

"या, बसा ना शेठ. चहा सांगू?"

"चहा नको. नेहमीचं द्या. एक काळा."

शैलजाचा चेहरा उतरला. "हाही गेला?"

"गेला. शनिवारी संध्याकाळी."

काळा म्हणजे काळा टेट्रा. पुढचं अंग चांदीसारखं, मागचं काळंभोर, जणू शाईच्या दौतीत अर्धा बुडवून काढलेला. पोटाखाली रुंद, झालरीसारखा पर. दिसायला साधा, प्रकृतीने काटक. सोपानकाकांच्या टाकीत हा मासा चार-चार वर्षं जगत असे, आणि शेठांच्या घरी तीन आठवडे टिकत नसे. मागच्या मार्चपासून शेठांनी अकरा नेले होते आणि अकराही गेले होते.

शैलजाच्या मनाला ते फार लागलं होतं. तिने या माशासाठी वेगळी वहीच घातली होती. शेठांच्या बंगल्यावर जाऊन टाकीतलं पाणी बाटलीत भरून आणलं होतं. पाण्याची उष्णता, जडपणा, आंबटपणा, मिठाचं प्रमाण, खाद्य, उजेडाचे तास या सगळ्याला एकेक रकाना होता. गावचं पाणी जड, म्हणून तिने शेठांना देशी बदामाची वाळकी पानं नेऊन दिली होती. ती पाण्यात टाकली की पाणी चहासारखं तांबूस होतं आणि माशाला मानवतं. कधी मीठ वाढवलं, कधी कमी केलं. मासा मरायचा तो मरतच होता.

"शेठ, मला खरंच फार वाईट वाटतं," ती म्हणाली. "अकरावा हा. माझंच काही तरी चुकतंय."

"अहो, असू द्या, असू द्या!" शेठ हसले. दर वेळी ते असेच हसत, आणि दर वेळी शैलजाला वाटे, काय मोठ्या मनाचा माणूस आहे.

सोपानकाका त्या दिवशी योगायोगाने पुढेच बसले होते. हवेचा पंप उघडून त्याचं फाटलेलं रबर बदलत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "मासा मेला आणि तुम्ही हसताय, शेठ?"

"मग काय रडू? काका, तुम्हाला म्हणून सांगतो. आमच्या वास्तुवाल्यांनी बसवून दिलंय ते. ईशान्येला टाकी. आठ सोनेरी आणि एक काळा. सोनेरी ते लक्ष्मीचे. काळा असतो तो घरावर येणारं संकट अंगावर घेतो. तो गेला की समजायचं, एक संकट टळलं." शेठ पुढे वाकले. "शनिवारी आमचा ट्रक कुर्डुवाडीजवळ उलटला. ड्रायव्हरला खरचटलंसुद्धा नाही! घरी येऊन बघतो तर काळा पोट वर करून तरंगतोय. आता काय म्हणाल?"

"आणि ट्रकमधली डाळ?"

"डाळ गेली हो. सगळी ओढ्यात."

"मग मासा जरा आधी मरायला हवा होता."

शेठ मोठ्याने हसले. शैलजा हसली नाही. हातातली जाळी तिने हळूच टाकीच्या काठावर ठेवली. दहा महिने ती ज्या मरणाचं कारण शोधत होती, ते मरण या माणसाला हवंच होतं. आणि तिच्या प्रत्येक माफीला तो असू द्या म्हणत होता.

सोपानकाकांनी पंप बाजूला सारला, हात धुतले आणि ते उठले. "एक विकायचा नाही," ते म्हणाले.

"म्हणजे? संपले?"

"दीडशे आहेत."

"मग दर वाढवलाय का? सरळ बोला की."

"एक विकायचा नाही. सात न्या. पैसे नकोत."

शेठांनी शैलजाकडे पाहिलं. शैलजाने काकांकडे पाहिलं. काका तोवर टाकीपाशी पोचलेही होते. एकाच सफाईदार हेलकाव्यात त्यांनी सात मासे जाळीत घेतले आणि पाण्याच्या पिशवीत सोडले.

"अहो काका, आठ आणि सात पंधरा होतात! माझा हिशोब नऊचा आहे."

"हिशोब मोडू नका. सातांतला एक तुमचा धरा. बाकीचे सहा त्याच्याकडे आलेले पाहुणे."

"पाहुणे किती दिवस राहणार?"

"तो असेपर्यंत."

शेठांनी पिशवी घेतली. फुकट मिळालेली वस्तू नाकारणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, पण त्यात काही तरी अपमान दडला आहे असं त्यांना वाटलं आणि तो नेमका कुठे आहे ते सापडेना. दारातून ते शैलजाला म्हणाले, "बाई, म्हातारं चळायला लागलं बरं का. जरा समजावा. कार्यालयाचं काम आहे आपलं, विसरू नका."

गाडी गेली. शैलजा वळली.

"काका, हे काय केलंत? हा माणूस मला आठ फुटी टाकी देणार आहे. पाडवा किती लांब राहिलाय तुम्हाला माहीत आहे. त्याला एक नको म्हणता आणि सात फुकट देता? यात शहाणपण काय, मला तरी सांगा!"

"तुझी ती वही आण," काका म्हणाले.

तिने वही आणली. काकांनी चष्मा लावून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. घाई नव्हती. मध्ये एकदा उठून त्यांनी गळणारी नळी घट्ट केली आणि पुन्हा वाचायला बसले. मग म्हणाले, "अक्षर सुरेख आहे. पाण्याचा रकाना आहे, मिठाचा आहे, उजेडाचा आहे. सोबत किती, तो रकाना कुठाय?"

"सोबत? नऊ होते की टाकीत. तो आणि बार्ब जातीचे आठ सोनेरी."

"नऊ कुणी मोजले?"

"मी."

"त्या माशाने किती मोजले?"

गणित शिकवणारी बाई ती. आठ आणि एक नऊ, याच्यापलीकडे तिने कधी पाहिलंच नव्हतं. शेठांच्या टाकीतलं दृश्य तिला आठवलं. आठ सोनेरी मासे मध्ये फिरत असायचे आणि काळा गाळणीच्या पाठीमागे, कोपऱ्यात, नाक काचेला लावून उभा असायचा. तिने त्याची नोंदही केली होती: "कोपरा पसंत." पसंत!

काका तिला शेवटच्या लहान टाकीपाशी घेऊन गेले. तिथं एक काळा टेट्रा एकटाच होता. पर कुरतडला गेला म्हणून तीन आठवड्यांपूर्वी तिनेच त्याला औषधात वेगळा ठेवला होता. पर भरून आला होता, पण माशाचा रंग उतरून राखेसारखा झाला होता. तिने त्याच्यासाठी आणखी एक औषध मागवलं होतं.

"ते औषध राहू दे," काका म्हणाले आणि त्यांनी तो मासा उचलून मोठ्या टाकीत, थव्यात सोडला.

तो क्षणभर जागीच थरथरला. मग चारपाच मासे त्याच्या बाजूने गेले, तसा तोही वळला. पाहता पाहता तो त्यांच्यात मिसळला. दुसऱ्या दिवशी दुपारी शैलजाने त्याला शोधायचा प्रयत्न केला. राखेच्या रंगाचा मासा टाकीत नव्हता. सगळेच काळेभोर होते.

त्या दिवशी तिने काकांना विचारलं, "एवढे प्रकार आहेत थव्याने राहणारे. निऑन आहे, रासबोरा आहे, झेब्रा आहे. गिऱ्हाईक नेहमी विचारतं, सगळ्यात चांगला कोणता? तुम्हाला विचारलं तर काय सांगाल?"

"मला हाच," काका काळ्यांच्या टाकीकडे बघत म्हणाले. "निऑन एकटा असला तरी लोक म्हणतात, वा, काय झळकतो. हा एकटा असला की कुणी बघत नाही. याचा रंग याच्या एकट्याचा नाहीच मुळी. जमला की दिसतो."

शैलजाने वहीत नवा रकाना आखला आणि मागची अकरा पानं उलटून प्रत्येक पानावर त्या रकान्यात शून्य लिहिलं. पुढच्या सात आठवड्यांत शेडमधून थव्याचा मासा एकटा कुणालाही दिला गेला नाही. काही गिऱ्हाइकं हसून आठ घेऊन गेली, काही चिडून रिकामी गेली. एक बाई म्हणाल्या, "भाजीवाला पावशेर देतो, तुम्हाला काय होतंय?"

शैलजाच्या स्वतःच्या हातचीही पिल्लं होती. नोव्हेंबरात तिने काळ्यांची पहिली जोडी स्वतः लावली होती. बदामाच्या पानांच्या पाण्यात, वनस्पतीऐवजी सोडलेल्या हिरव्या लोकरीच्या झुपक्यात अंडी घातली गेली होती आणि आईबाप ती खाऊन टाकण्याआधी तिने त्यांना बाहेर काढलं होतं. फेब्रुवारीअखेर नऊ नंबरच्या टाकीत एकशे अठरा पिल्लं होती, दोन पेरांएवढी.

२७ फेब्रुवारीला, तोही सोमवारच होता, गुलाबशेठ पुन्हा आले. ऊन तापलं होतं. या वेळी ते हसत नव्हते.

"काका कुठे आहेत? बोलवा त्यांना. तुमचे मासे मरत नाहीत!"

सोपानकाका मागून आले. "तक्रार आहे?"

"तक्रारच! सात आठवडे झाले. सातांतला एकही मरत नाही. इकडे मिलची मोटर जळली, कार्यालयाच्या परवान्याचा कागद अडकला, आईचा पाय मुरगळला. सगळं आमच्या अंगावर आलं. आणि हे सातजण टाकीत मिरवणूक काढतात!"

"खातात नीट?"

"खातात? टपलेले असतात! अहो, काल वास्तुवाले स्वतः आले. म्हणाले, शेठ, यातला आपला मासा कोणता? आता मी काय सांगू? अर्धा तास खुर्ची टाकून बसलो. एकावर बोट ठेवतो, तोवर तिथं दुसरा. शेवटी आई म्हणाली, आणला तेव्हाच शेपटीला दोरा बांधून ठेवायचा होतास."

शैलजाला हसू आवरलं नाही. मग तिने विचारलं, "शेठ, मोटर कशाने जळली?"

"कशाने म्हणजे? तो नवा ऑपरेटर. आल्यापासून एक दिवस धड नाही. पायगुणच वाईट त्याचा. काढून टाकला."

"त्याची चूक होती?"

"चूक कशाला लागते, बाई? कुणावर तरी जायला पाहिजे ना ते!"

शेठ काय बोलून गेले ते त्यांच्या स्वतःच्याही कानावर पडलं असावं, कारण त्यांनी खिशातून रुमाल काढून उगीचच मान पुसली.

सोपानकाका स्टुलावर बसले. "शेठ, धरणावर मी एकतीस वर्षं बगळे बघितले," ते म्हणाले. "कडेला एकटं पिल्लू दिसलं की बगळा सरळ चोच घालतो. चुकत नाही. थव्यावर आला की चोच उगारतो आणि थांबतो. याला धरू का त्याला धरू? तेवढ्यात थवा निघून जातो. मासे एकत्र राहतात ते तुमच्या दिवाणखान्याची शोभा म्हणून नव्हे. कुणी यावं आणि त्यातल्या एकावर बोट ठेवून 'हा' म्हणावं, ते जमू नये म्हणून राहतात. तुम्ही अर्धा तास बसलात आणि तुम्हाला तुमचा मासा सापडला नाही. मी सात दिले ते एवढ्यासाठीच. आपल्यावरचं संकट दुसऱ्याच्या अंगावर ढकलायचं तर आधी कुणी तरी एकटा लागतो. मासा एकटा मिळाला नाही, तर तुम्ही माणूस शोधलात. माणसांचं काय करायचं ते माझ्या हातात नाही. पण माझ्या शेडमधून यापुढे एकटा कुणी जाणार नाही. तुम्ही मागा, नाही तर तुमचे वास्तुवाले मागोत."

एरवी दिवसभरात ते एवढं बोलत नसत.

गुलाबशेठ व्यापारी होते. जिथं भाव पटत नाही तिथं ते वाद घालत नसत, दुसऱ्या दुकानात जात. ते शैलजाकडे वळले, आणि त्यांचा आवाज एकदम मऊ झाला.

"बाई, काकांचं सोडा. वय झालं. आपण कामाचं बोलू. कार्यालयाची टाकी पाडव्याला पाण्याने भरलेली पाहिजे. पन्नास सोनेरी. आणि एक काळा. दर अमावास्येला एक नवा काळा तुम्ही आणून सोडायचा. एवढंच. काकांच्या माशाला हात लावायला नको. तुमची स्वतःची पिल्लं आहेत म्हणे. त्यातलं एक द्या. वर्षाला बारा. शंभरात बारा कुणाला कळणार आहेत? काय काका, तुम्ही तर अडवणार नाही ना बाईंना?"

"पिल्लं तिची आहेत," सोपानकाका म्हणाले. "तिनं ठरवावं." आणि ते पंप घेऊन मागे निघून गेले.

शैलजा नऊ नंबरच्या टाकीपाशी उभी होती. पाडव्याला तेवीस दिवस होते. शाळेतली जागा, दिराचं हसणं, सूर्यकांतचा काही न बोलणारा चेहरा, सगळं तिच्यासमोर होतं. आलेखाच्या कागदावरचं ते आठ फुटांचं चित्रही होतं. एकच मासा. तिने खरोखर पाहिलं, द्यायचाच झाला तर कोणता देता येईल. तिची नजर एकावर ठरली. तो वळला आणि त्याच्या जागी दुसरा आला. मग तिसरा. बगळ्यासारखी मान पुढे काढून आपण उभ्या आहोत, हे तिच्या ध्यानात आलं.

ती मागे सरली.

"शेठ," ती म्हणाली, "मी तुम्हाला अकरा मासे दिले. अकरा वेळा माफी मागितली. पण ज्याची मागायची त्याची मागितलीच नाही."

"म्हणजे काय आता?"

"म्हणजे तुम्हाला टाकी हवी असेल तर मी पन्नास सोनेरी सोडीन. पन्नास काळेही सोडीन. एक्कावन्नावा एकटा सोडणार नाही."

"सोलापुरात दुकानं पुष्कळ आहेत, बाई."

"आहेत."

"तिथं मिळेल एक."

"मिळेल. माझ्याकडे मिळणार नाही."

"काम जाईल हातचं. शांतपणे विचार करा. घरी विचारून या पाहिजे तर."

"घरी काय विचारायचंय? मासे माझे आहेत. आणि शेठ, तुमच्याकडचे सात मला परत द्या. नाही तरी तुम्हाला ते नको आहेत. आज संध्याकाळी मी बादली घेऊन येते."

"फुकट दिलेलं परत मागता? ही कुठली रीत?"

"फुकट दिले होते, शेठ. टाकून दिले नव्हते."

शेठांना राग आला होता, पण रागाबरोबर आणखीही काही तरी होतं, आणि त्याला काय म्हणावं ते त्यांना कळत नव्हतं. "साडेसहाला या," ते म्हणाले. "आई देवळात जाते तेव्हा. ती असली तर एकालाही नेऊ द्यायची नाही." आणि ते उन्हात निघून गेले.

शैलजा स्टुलावर बसली. मागच्या बाजूला पंप सुरू झाल्याचा आवाज आला. सोपानकाका बाहेर आले. त्यांनी कोपऱ्यातली झाकणाची बादली उचलली, ती दोनदा स्वच्छ धुतली, अकरा नंबरच्या, काळ्यांच्या टाकीतल्या पाण्याने अर्धी भरली आणि तिच्या पायाशी आणून ठेवली.

"हेलकावे देऊ नको," ते म्हणाले. "रिक्षाने ये."

त्या संध्याकाळी साडेसहाला ती बंगल्यावर गेली आणि पावणेआठला सातही मासे जिवंत घेऊन परत आली.

२२ मार्चला, पाडव्याच्या दिवशी, मंगल कार्यालय उघडलं. दर्शनी टाकीचं काम सोलापूरच्या एका दुकानदाराने केलं. टाकीत पन्नास सोनेरी मासे आणि एक काळा होता. सोमवारी, ३ एप्रिलला शैलजा जाऊबाईंच्या शाळेत कारकून म्हणून रुजू झाली. सकाळी सहा ते साडेनऊ ती शेडवर असते. ३१ मेपर्यंत तिची एकशे बारा पिल्लं चौदा घरी गेली, प्रत्येक घरी आठ. उरलेली सहा तिने शेठांकडून आणलेल्या सातांत सोडली. ते तेरा आहेत.